‘जोड्या लावा’मध्ये सगळ्यांनाच पैकीच्या पैकी का पडतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सातवीच्या घटक चाचणीत तुम्ही आपल्या नाशिक जिल्ह्यावर आठ जोड्यांचा प्रश्न घातला. जवळजवळ सगळ्या वर्गाला आठपैकी आठ पडले, एरवी ज्यांना दोन ओळी धड लिहिता येत नाहीत त्या मुलांनासुद्धा. मुख्याध्यापक म्हणाले, प्रश्न फार सोपा झालाय, अवघड करा. म्हणून तुम्ही विचारताय की आठाच्या बारा जोड्या कराव्यात का, आणि ‘ब’ गटात जास्तीचे पर्याय घालणं मुलांवर अन्याय होईल का.

बारा करू नका, एवढं आधी सांगते. सोपं-अवघड हा इथला प्रश्नच नाही. तुमचा संच मुलांनी जिल्ह्याची माहिती नसतानाही सोडवला असणार, आणि तसं असेल तर बारा जोड्यांचाही सोडवतील, फक्त पाच मिनिटं जास्त घेतील.

मी एकोणतीस वर्षं शिकवलं. आधी निफाड तालुक्यात आणि नंतर नाशिक शहरात, मुख्यतः इतिहास-भूगोल, आणि शाळा लहान असताना विज्ञानही. या प्रश्नप्रकाराकडे मी पहिली दहाएक वर्षं पेपर भरून काढायचं साधन म्हणूनच बघत होते. संविधान तक्त्यात, म्हणजे कोणत्या घटकाला किती गुण हे मांडणाऱ्या पेपरच्या आराखड्यात, पाच गुण उरले की टाका एक ‘जोड्या लावा’. मग एकदा कुणीतरी डोक्यात घातलं की पाच जोड्या म्हणजे एकच पर्यायांची यादी वाटून घेतलेले पाच बहुपर्यायी प्रश्न. तिथून माझी नजर बदलली. बहुपर्यायी प्रश्न काढताना आपण ‘पैठणी कुठे विणली जाते?’ याखाली ‘येवला, १९३०, कुसुमाग्रज, कांदा’ असे पर्याय देऊ का? हसू येईल. पण जोड्यांमध्ये आपण नेमकं हेच करतो आणि आपल्याला हसू येत नाही.

आता तुमचा संच घेऊ. ‘अ’ गटात तुम्ही दिलंय: गोदावरी, १९३०, दादासाहेब फाळके, पैठणी, साल्हेर, कुसुमाग्रज, कांदा, विमाने. ‘ब’ गटात: येवल्यात विणली जाते, ओझरला तयार होतात, लासलगावला विकला जातो, ब्रह्मगिरीवर उगम पावते, त्र्यंबकेश्वरला जन्मले, काळाराम मंदिर सत्याग्रह, सर्वांत उंच किल्ला, ज्ञानपीठ मिळवणारे कवी.

माहिती सगळी बरोबर आहे. पण क्षणभर समजा की मला नाशिक जिल्हा कुठे आहे हेही ठाऊक नाही, फक्त मराठी येतं. ‘विकला जातो’ हे पुल्लिंगी एकवचन. यादीत तसा बसतो कांदाच. ‘तयार होतात’ अनेकवचन, म्हणजे विमाने. ‘विणली जाते’ आणि ‘उगम पावते’ या दोन्हींना एकवचनी नाम हवं, आणि नदी काही विणता येत नाही. साल एकच आहे, घटनाही एकच. किल्ला एकच. उरली दोन माणसं, त्यातलं एक ‘कुसुमाग्रज’, जे नावच कवीचं वाटतं. झाले आठ. भूगोल नाही, इतिहास नाही, निव्वळ व्याकरणावर पैकीच्या पैकी.

आपल्या भाषेत हा धोका जरा जास्तच आहे. मराठीत क्रियापदाला लिंग आणि वचन दोन्ही चिकटतं, विशेषणालासुद्धा. त्यामुळे ‘ब’ गटात वाक्याचा उरलेला तुकडा ठेवला की उत्तर शेपटीला बांधून दिल्यासारखं होतं. याला उपाय साधा आहे. लांब मजकूर ‘अ’ गटात घ्यायचा आणि ‘ब’ गटात नुसती नामं ठेवायची: गाव, नदी, व्यक्ती, साल, जे काय असेल ते एकच. मुलाला ‘अ’मधलं वाक्य एकदा वाचावं लागतं आणि मग छोट्या यादीवरून नजर फिरवावी लागते, त्यामुळे वेळही वाचतो. उलटं ठेवलं तर प्रत्येक जोडीसाठी आठ लांबलचक तुकडे पुन्हापुन्हा वाचायचे. ज्यांच्या घरी अहिराणी किंवा कोकणा बोलतात अशी मुलं माझ्या वर्गात असायची. त्यांचे गुण बहुतेक वेळा या वाचनात जायचे, माहितीत नाही.

दुसरी गोष्ट संबंधाची. एका संचात एकच संबंध असावा आणि तो सूचनेत लिहून टाकावा. नुसतं ‘जोड्या लावा’ लिहू नका. ‘अ गटात वस्तू दिल्या आहेत, ती जिथे तयार होते ते ठिकाण ब गटातून निवडा’ असं लिहा. तुमच्या संचातला वस्तूंचा धागा धरला तर असं होईल. ‘अ’: पैठणी, विमाने, चलनी नोटा, यंत्रमागाचं कापड, औष्णिक वीज. ‘ब’: एकलहरे, ओझर, नाशिकरोड, भगूर, मालेगाव, येवला, लासलगाव, आणि हे अकारविल्हे लावून. आता पैठणीसमोर सातही गावं उभी आहेत आणि ज्याला माहीत नाही त्याला सातही सारखीच वाटतात. हाच प्रश्न ‘अवघड’ झाला, पण ज्याने धडा वाचलाय त्याच्यासाठी तो पूर्वीइतकाच सोपा आहे. मुख्याध्यापकांना हवं होतं ते हेच असणार, फक्त त्यांनी त्याला अवघड म्हटलं.

कांदा मी मुद्दाम काढला. तो ‘तयार’ होत नाही हे एक कारण. दुसरं असं की लासलगावचा बाजार प्रसिद्ध असला तरी पिंपळगाव बसवंतलाही कांद्याचा मोठा बाजार आहे, आणि उद्या तुम्ही पर्यायात पिंपळगाव घातलंत तर तिकडचं पोर भांडायला येईल आणि ते बरोबर असेल.

माझ्याकडे असं एक आलं होतं. निफाडकडच्या शाळेतली सुरुवातीची वर्षं. मी ‘गोदावरी’ला ‘त्र्यंबकेश्वर’ आणि ‘पक्षी अभयारण्य’ला ‘नांदूरमध्यमेश्वर’ अशा जोड्या धरल्या होत्या. एका मुलाने गोदावरीसमोर नांदूरमध्यमेश्वर लिहिलं. मग अभयारण्याला काही उरेना, तिथे त्याने त्र्यंबकेश्वर टाकलं. मी दोन गुण कापले. पेपर वाटल्यावर तो उठला आणि म्हणाला, “बाई, गोदावरी आमच्याच शिवारातून जाती ना? बंधारा तिच्यावरच हाये.” खरंच होतं. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा तो बंधारा, त्याच्या फुगवट्यात ते अभयारण्य. मुलाला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती आणि मी त्याचेच दोन गुण खाल्ले होते. सगळ्या वर्गाला ते दोन गुण दिले. आज तीच जोडी ठेवायची झाली तर ‘अ’ गटात मी ‘महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ’ लिहीन. २०२० पासून नांदूरमध्यमेश्वरला तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा आहे आणि त्याला दुसरं उत्तर नाही.

या गोष्टीत दोन गुण का गेले ते बघा. चूक एकच होती. पण दोन्ही गटांत सारखेच नग असले की एक जोडी चुकली की दुसरी आपोआप चुकते. आणि याची उलटी बाजू तुमच्या चाचणीत दिसतेय: सात बरोबर आले की आठवी फुकट. पाचास पाच असताना पाचपैकी नेमके चार गुण पडूच शकत नाहीत, जोपर्यंत पोराने एखादी जागा रिकामी सोडली नाही किंवा एकच अक्षर दोनदा लिहिलं नाही. तुमचे जुने गठ्ठे काढून बघा.

थोडा हिशेब मांडते, कारण जास्तीच्या पर्यायांबद्दलची तुमची शंका त्यानेच सुटेल. पाचास पाच असताना ज्या मुलाला काहीच येत नाही त्याने डोळे मिटून जोड्या लावल्या तर सरासरीने एक बरोबर येते. गंमत म्हणजे दहास दहा असतील तरी सरासरी एकच. त्यामुळे साफ कोऱ्या मुलाची मला फार काळजी नाही. अर्धवट येणाऱ्याची आहे. ज्याला पाचातल्या तीन येतात त्याच्यासमोर दोनच उरतात, म्हणजे नाणेफेक: अर्ध्या वेळा त्याला पाच पडतील, अर्ध्या वेळा तीन. तीन येणारी दोन मुलं शेजारी बसलीत, एकाला पाच आणि एकाला तीन. आता ‘ब’ गटात सात पर्याय ठेवा. तीन येणाऱ्यासमोर चार उरतात, अंदाजाने दोन्ही बरोबर यायची शक्यता बारात एक. ज्याला चार येतात त्याच्यासमोर तीन उरतात. जास्तीचे पर्याय अभ्यास केलेल्या मुलाचं काही हिरावून घेत नाहीत, त्याला त्यांच्याकडे बघायचीही गरज पडत नाही. मात्र ते जास्तीचे दोन त्याच जातीचे हवेत. गावांच्या यादीत ‘हिमालय’ घातला तर तो कुणी निवडणार नाही.

हे सगळं कुठे लागू नाही, तेही सांगायला हवं. तिसरी-चौथीला मी जास्तीचे पर्याय घालत नाही. त्या वयात मुलाला काहीतरी उरलं की आपण चुकलो असं वाटतं आणि ते बरोबर लावलेलंही खोडत बसतं. चित्रं असतील, पाचास पाच असतील, चालेल. वर्गात सरावासाठी, आकारिक, म्हणजे वर्गात शिकता शिकता चालणाऱ्या, मूल्यमापनात तोंडी घेताना, कार्डं वाटून खेळ म्हणून, तेव्हाही समसमान ठेवा. तिथे मुलं आपसात वाद घालून शिकतात आणि तेच हवं असतं. गुण मोजायचे असतील, पाचवीच्या पुढचा वर्ग असेल, तेव्हा जास्तीचे दोन ठेवा. काही शाळांमध्ये शाळांच्या समूहाचा सामाईक छापील पेपर येतो आणि तिथे तुमच्या हातात काहीच नसतं. मग निदान तुमच्या स्वतःच्या चाचण्यांत करा.

जास्तीच्या पर्यायांशिवाय आणखी एक वाट आहे आणि मला ती जास्त आवडते: एकच पर्याय दोनदा वापरू द्यायचा. जिल्ह्यातली धरणं आणि नद्या घ्या. ‘अ’: गंगापूर, पालखेड, करंजवण, चणकापूर, हरणबारी. ‘ब’: आरम, कादवा, गिरणा, गोदावरी, दारणा, मोसम. पालखेड आणि करंजवण दोन्ही कादवेवर आहेत. सूचनेत स्पष्ट लिहायचं, ‘ब गटातली नदी एकापेक्षा जास्त वेळा येऊ शकते, एखादी एकदाही येणार नाही.’ वगळत वगळत शेवटाला पोचायची युक्ती इथे चालतच नाही, आणि यादीही लांबत नाही. दारणा धरण आणि गिरणा धरण मी ‘अ’ गटात का घेतली नाहीत ते कळलं असेलच. तसं बघितलं तर गंगापूरही थोडं चुगली करतं, कारण आपण नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. पण तेवढं सातवीच्या मुलाला चालवून घ्यावं.

विज्ञानात याचं छान उदाहरण एककांचं. बल, दाब, कार्य, ऊर्जा, शक्ती यांना न्यूटन, पास्कल, ज्यूल, वॅट. कार्य आणि ऊर्जा दोन्हीचं एकक ज्यूल. समसमान आणि एकास एक ठेवायच्या नादात आपण यातलं एक गाळतो आणि मुलांना कधी कळतच नाही की दोन्हीचं एकक एक का आहे. शिवाय इथली चुकीची उत्तरं वाचण्यासारखी असतात. दहा मुलांनी कार्यासमोर वॅट लिहिलं असेल तर त्यांना कार्य आणि शक्ती यातला फरक समजलेला नाही, दुसऱ्या दिवशीचा तास कशावर घ्यायचा हे ठरलं. वेगवेगळ्या जातीच्या संचात हे मिळत नाही. तिथे पोराने पैठणीसमोर १९३० लिहिलं तर तुम्ही त्यातून काय समजणार, झोपला होता एवढंच.

क्रमाबद्दल. ‘ब’ गट अकारविल्हे लावा, सालं असतील तर चढत्या क्रमाने. यामागे टापटीप हे कारण नाही. आपण मनाने क्रम उलटसुलट करतो तेव्हा आपल्याला एक सवय असते: बरोबर उत्तर समोरासमोर येऊ द्यायचं नाही. मुलांना हे पक्कं ठाऊक असतं. माझ्या वर्गातली एक मुलगी मला सरळ म्हणाली होती, “बाई, समोरचं कधीच नसतं, ते आधी सोडूनच द्यायचं.” अकारविल्हे लावलं की कधीतरी समोरासमोर येतं, कधी येत नाही, तुमच्या मनाचा त्यात भाग उरत नाही.

छपाईचं एकदाच सांगते, पण विसरू नका. आमच्या शाळेचा पेपर जिथे टाइप व्हायचा तिथे एका वर्षी ‘अ’ गट पहिल्या पानाच्या तळाशी आणि ‘ब’ गट पाठीमागे गेला. कागद वाचला म्हणून सगळे खूश. मुलं सबंध वेळ पान उलटत बसली, आणि काहींना मागे काही आहे हेच कळलं नाही. संच कितीही लहान असो, एका पानावर. पाच ते सात नग पुरेत. आठाच्या पुढे मी कधी जात नाही. आणि रेघा मारून जोडायला सांगू नका, निदान चौथीनंतर. खोडून पुन्हा मारलेल्या रेघांमधून कोणती खरी हे ठरवताना तपासणाऱ्याचाच अंदाज चालतो. क्रमांकासमोर अक्षर लिहू द्या. काही ठिकाणी दोन्ही गट उत्तरपत्रिकेत पूर्ण उतरवून काढायला लावतात. त्या उतरवण्यात जो वेळ जातो त्यात मुलाने आणखी एक उत्तर लिहिलं असतं.

आता नुसती पाठांतराची माहितीच तपासायची का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. या प्रकाराला मर्यादा आहेत हे खरं. सत्याग्रह का झाला हे तुम्हाला जोड्यांतून कळणार नाही, त्यासाठी चार ओळी लिहूनच घ्याव्या लागतात. पण ‘अ’ गटात पुस्तकातल्या व्याख्येऐवजी प्रसंग दिला तर बरंच पुढे जाता येतं. नागरिकशास्त्रात मी मूलभूत हक्कांसाठी असं करायचे. उचल फिटेपर्यंत वीटभट्टीवर डांबून ठेवलेलं कुटुंब. अटकेनंतर २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर न आणलेला माणूस. गावच्या पाणवठ्यावर जातीमुळे केलेला मज्जाव. भाषिक अल्पसंख्याकांनी काढलेली शाळा. समोर हक्कांची नावं. एकही वाक्य पुस्तकात नाही, म्हणजे पाठ करून चालत नाही.

यात एकदा मी काळाराम मंदिराचा प्रसंग घातला होता. नाशिकच्या शिक्षकाला तो मोह होतोच. २ मार्च १९३० चा सत्याग्रह आपल्याच पंचवटीतला. मंदिरात प्रवेश नाकारला, कोणता हक्क? मला समानतेचा हक्क अपेक्षित होता. निम्म्या वर्गाने धार्मिक स्वातंत्र्याचा लिहिला. आणि संविधानात बघायला गेलं तर हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांसाठी खुल्या करण्याची तरतूद अनुच्छेद २५ मध्येच आहे, धार्मिक स्वातंत्र्याच्या हक्कात. दोन्ही उत्तरं धरता येतात. प्रसंग जितका खरा आणि आपल्या जवळचा, तितका तो एका कप्प्यात बसत नाही. तो प्रसंग मी नंतर चर्चेच्या तासाला ठेवला, तिथे तो फार चांगला चालला.

दहावीच्या इतिहास-राज्यशास्त्राच्या पेपरात आता ‘चुकीची जोडी ओळखून लिहा’ येतं. आठवी-नववीला त्याचा सराव आतापासून देता येईल. तिथे जोड्या लावूनच दिलेल्या असतात, फक्त एक खोटी असते; पण तीही तेव्हाच शोधण्यासारखी असते जेव्हा चारही जोड्या एकाच जातीच्या असतात.

पेपर छापायला देण्याआधी मी एक परीक्षा घेते. आमच्या घरी हे बँकेत होते, शाळेच्या पुस्तकांशी त्यांचा संबंध नाही. संध्याकाळी चहाबरोबर त्यांच्यापुढे संच ठेवायचा. त्यांना पाचातल्या चार आल्या की संच रद्द. धरणांच्या संचात त्यांना दोनच आल्या, गंगापूर आणि चणकापूर, आणि चणकापूरही त्यांना सासुरवाडी कळवणची म्हणून. तो संच मी ठेवला. तुमच्याकडे वेगळा विषय शिकवणारे शिक्षक असतीलच, मधल्या सुट्टीत पाच मिनिटं मागा.

तुमच्या आठ जोड्यांतून मी काय करीन विचाराल, तर वस्तू आणि गावांचा पाच गुणांचा एक संच वर दिलाय तसा, आणि १९३०, फाळके, कुसुमाग्रज, साल्हेर, गोदावरी यांना जोड्यांतून काढून एका वाक्यात उत्तरं लिहायला. पहिल्यांदा जास्तीचे पर्याय दिलेत की वर्गातून हमखास आवाज येईल, “मॅडम, दोन उरले.” म्हणून चाचणीच्या आदल्या दिवशी असा एक संच फळ्यावर सोडवून घ्या, आणि उरलेले दोन पुसू नका, तसेच राहू द्या.